नानांची शॅसी

इंग्रजी अक्षरं मला रंगवता यायची, वाचता यायची नाहीत. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझी शाळा सहावीला सुटली, आणि इंग्रजी लागायचं आठवीत. पुढे नागपूरला एका पेंटरच्या हाताखाली मी ती अक्षरं गिरवली, पण चित्रं म्हणून. एस म्हणजे बदकाची मान, एच म्हणजे एका पायरीची शिडी. पाटी सुबक व्हायची, पण तिच्यावर काय लिहिलंय असं कुणी विचारलं की मी नुसता हसायचो. एका ट्रकवाल्याबरोबर फिरत फिरत नगरला आलो, स्टेशनकडच्या रस्त्याला बापूशेठच्या गॅरेजात गाड्या रंगवायचं काम मिळालं, आणि तिथंच मागच्या पत्र्याच्या खोलीत ट्रंक ठेवली. वय सव्वीस. बायको आणि दीड वर्षाची मुलगी गावी. हे काम गेलं तर पुढे काय, हा विचार मला रोज सकाळी चहाच्या आधी यायचा.

भिवानानांची आणि माझी गाठ पडली ती दुसऱ्याच दिवशी. एका ट्रकच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसून मी पट्टीवरचे आकडे पांढऱ्या रंगात उठवत होतो. गाडीखालून आधी एक धुळीनं भरलेलं डोकं आलं, मग खांदे, मग कपाळावर हात धरून एक म्हातारा माणूस.

"काय लिवतोस?"

"चेसीस नंबर लिहून राहिलो."

"कसला नंबर?"

"चेसीस," मी म्हणालो. शेठ तसंच म्हणाले होते.

म्हातारा पूर्ण बाहेर आला. उठून बसला. चिंधीनं हात पुसले, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत, जणू आता कुठल्या देवाला शिवायचं होतं.

"शॅसी," तो म्हणाला. "म्हन."

"सासी."

"सा न्हाई. शॅ. जीभ आत घे. हां. आता लिव."

लिहायचं तर तेच होतं. आकडे काही बदलले नाहीत. पण पलीकडून बाबू फिटर ओरडला, "आला का नवा गडी शाळेत? नाना, त्याला लस्सी पण शिकवा." आणि सगळं गॅरेज हसलं. नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. परत गाडीखाली गेले.

तर असे हे नाना. साठीला आलेले, अंगानं काटक, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मूळ गाव कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या पुढं आडबाजूला. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. गावी भाऊ, भावजय, त्यांची पोरं. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं जायचे आणि सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं हजर. येताना फडक्यात भाकरी आणि ठेचा असायचा. त्यातली एक भाकरी मला मिळू लागली, ती का हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठाही नीट उठायचा नाही, इतका तो घासून गुळगुळीत झाला होता. इंग्रजी शब्द येत ते तीस-चाळीस, सगळे गाडीचे, आणि त्यांचं इंग्रजी गाडीच्या बाहेर कधी पडत नसे. पण गाडीच्या आत मात्र त्यांचा उच्चार असा असायचा, की एखादं शहरातलं गिऱ्हाईक वळून बघायचं. शर्टाला ते 'शरट' म्हणायचे. स्टेशनला 'ठेसन'. आणि मध्येच स्वच्छ, घासून ठेवल्यासारखा शब्द यायचा: शॅसी.

सगळं नगर चेसीस म्हणायचं. गॅरेजवाले, ड्रायव्हर, सुटे भाग विकणारे दुकानदार, विम्याचे एजंट. काही जण चासी म्हणत. नाना एकटे शॅसी म्हणत आणि समोरच्याला म्हणायला लावत. त्यांच्या पाठीमागे त्यांचं नावच शॅसीनाना पडलं होतं. बाबू तर सकाळी आल्या आल्या विचारायचा, "नाना, शॅसी बरी हाय का तब्येतीची?" नाना म्हणायचे, "हाय. तुझी जीभ कशी हाय?"

एकदा एका हायस्कुलाचे इंग्रजीचे मास्तर त्यांच्या मेहुण्याची गाडी घेऊन आले होते. बाबूनं संधी साधली. "गुरुजी, तुमीच सांगा. बरोबर काय? चेसीस का शॅसी?" मास्तरांनी हातातल्या गाडीच्या कागदावर तो शब्द बघितला, चष्मा वर केला आणि एकेक अक्षर लावून सांगितलं, "यात वाद कसला? चॅसिस." म्हणजे तिसरंच. गॅरेजात टाळ्या. नाना शांतपणे पुढे आले, हात जोडले.

"गुरुजी, तुमी गाडीखाली गेल्ता का कधी?"

"मी कशाला जाऊ?"

"न्हाई, मंग ऱ्हाऊ द्या."

मास्तर चिडले. मेहुण्याची गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली. शेठनं नानांना चार शब्द ऐकवले. नानांनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शॅसी.

हा हट्ट कुठून आला ते मला पुष्कळ उशिरा कळलं. पावसाळ्यात काम कमी असायचं. एका दुपारी आम्ही दोघं रिकाम्या ट्रकच्या हौद्यात बसलो होतो. नाना बशीतून चहा पीत होते. बशी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून पिण्याची त्यांची पद्धत होती. तेव्हा बोलले.

दुसऱ्या लढाईच्या काळात ते पलटणीच्या वर्कशॉपात हमाल म्हणून लागले होते. सामान उचलायचं, झाडायचं. एक गोरा कॅप्टन होता. गाड्या आल्या की तो स्वतः गाडीखाली जायचा. एके दिवशी नाना गाडीखाली झाडू मारत असताना कॅप्टन शेजारी येऊन आडवा झाला, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, आणि हातोडीनं वरच्या लोखंडी पट्टीवर ठोके मारू लागला. नाना सरकून बाहेर जाऊ लागले तर त्यानं हातानंच थांब म्हटलं. एक ठोका मारला आणि नानांकडे बघितलं. दुसरीकडे मारला आणि पुन्हा बघितलं.

"मी म्हनलो, ह्यो आवाज मेला, सायब. मराटीतच म्हनलो. त्याला काय समजलं द्येव जाने. तितंच तडा निगाला."

त्या दिवसापासून कॅप्टननं त्यांच्या हातचा झाडू काढून हातोडी दिली. शब्दही त्यानंच शिकवला. नाना तेव्हा स्टोअरच्या कारकुनाचं ऐकून चेसीस म्हणायचे. कॅप्टननं तसंच गाडीखाली पडल्या पडल्या त्यांच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. वरून तेल गळत होतं, तोंड उघडलं की जिभेवर पडायचं.

"तेलासकट शिकलो," नाना म्हणाले. "मला आन कुनी, काय बी, आसं शेजारी पडून शिकीवलं न्हाई. आई-बापानं बी न्हाई. म्हनून त्यो शबुद मी मोडत न्हाई."

मग उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि बशी धुवायला उठले.

त्यांचं खरं काम हेच होतं, ऐकणं. शॅसी म्हणजे ट्रकचा सांगाडा: दोन लांब पोलादी पट्ट्या आणि मधले आडवे तुकडे. इंजिन, हौदा, माल, सगळ्याचा भार त्याच्यावर. त्याला बारीक तडा गेला की वरून काही दिसत नाही, आणि भरली गाडी एखाद्या दिवशी खड्ड्यात कंबरेतून मोडते. नाना गाडीखाली जायच्या आधी एक हात वर करायचे. तो हात दिसला की गॅरेज थांबायचं. घण थांबायचा, रेडिओ बंद व्हायचा, चहावाला कपांचा खुळखुळाट पोटाशी धरून उभा राहायचा. मग खालून ठोके यायचे. ठण्ण. ठण्ण. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वितीवितीवर. चांगलं लोखंड घंटेसारखं बोलायचं. तडा असला की थप, ओल्या भिंतीवर मारल्यासारखं.

कानांना ते फार जपायचे. घणाचं काम चालू असलं की कानांत कापसाचे बोळे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं म्हातारा बहिरा आहे. ते बिचारं ओरडून बोलायचं आणि नाना दोन पावलं मागे सरकायचे.

गिऱ्हाइकाचा ठोक्यावर विश्वास बसला नाही तर दुसरी रीत होती, आणि तिच्यामुळे माझी नोकरी टिकली. पट्टी खरवडून साफ करायची, रॉकेलचं फडकं फिरवायचं, मग कोरडी पुसायची आणि वर खडूची पूड लावायची. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी ओली रेघ उमटते. नाना म्हणायचे, "गिऱ्हाइकाला डोळं असत्यात. कान नसतोय. त्याला दाखवाय लागतं." तो खडू मी कुटून वस्त्रगाळ करून द्यायचो. पहिल्याच पावसाळ्यात रंगाचं काम आटलं आणि शेठ मला म्हणाले, पेंटर, दिवाळीनंतर बघू. मी ट्रंक आवरायला घेतली. नाना शेठकडे गेले. काय बोलले ते बाबूनं मला सांगितलं: "पेंटर गेला तर माझा खडू कोन कुटील? तुमी?" शेठ हसले, मी राहिलो. या एका वाक्यावर माझ्या घरी चार महिने मनिऑर्डर गेली.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. नगरच्या माणसाला त्याबद्दल मी वेगळं काय सांगणार. आमच्या गॅरेजात मात्र काम वाढलं. गावांना पाणी पोचवायला टँकर हवे होते, आणि नवे टँकर कुठून येणार? लिलावात घेतलेले जुने ट्रक येऊ लागले. त्यांचे हौदे काढायचे, वर पत्र्याची टाकी बसवायची, रंग द्यायचा. एका ठेकेदारानं असे तीन ट्रक आमच्याकडे आणले. त्यातला दुसरा नानांच्या गावासाठी आणि आसपासच्या चार वस्त्यांसाठी ठरला होता.

त्या उन्हाळ्यात नानांच्या फडक्यातल्या भाकऱ्या लहान झाल्या होत्या. त्यांच्या गावची विहीर संक्रांतीलाच आटली होती. भावजय दोन मैलांवरच्या डोहातून पाणी आणायची, तेही गाळून. रविवारी नाना गावी गेले की पारावर त्यांना लोक घेरायचे: भिवा, टँकर कधी? नानांनी सांगून टाकलं होतं, "पुढल्या आठवड्यात, बुधवारी. आमच्याच गॅरेजात हुतोय."

नेमके त्याच आठवड्यात नाना तापानं फणफणले आणि गावीच अडकले. ट्रक शुक्रवारी आला. टाकी वेल्डिंग होऊन तयार होती. ती चढवायच्या आधी शेठनं मला गाडीखाली बोलावलं. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, ब्रॅकेटपाशी पट्टीवर केसासारखी एक रेघ होती.

"गंज आहे," शेठ म्हणाले. "लांबी भर आणि वरून दोन हात काळा मार."

लांबी म्हणजे आम्हा पेंटर लोकांचा लगदा. भेगा बुजवायला. मी रेघेवरून बोट फिरवलं. गंजाला कड नसते, बोट सरळ सरकतं. इथं बोट अडकलं. मी शेठकडे बघितलं. शेठ घड्याळाकडे बघत होते. मी लांबी भरली. घासून सारखी केली. काळा मारला. काम इतकं साफ झालं की दुसऱ्या दिवशी ती जागा मलाच सापडेना.

मंगळवारी नाना आले. अशक्त झाले होते, पंचा कपाळाभोवती दोन वेढे जास्त आला होता. गाडी तयार होती. दुपारी सरकारी इन्स्पेक्टर पास करायला येणार आणि संध्याकाळी पाणी भरून ती रवाना होणार. चालवणार होता रज्जाक, आमच्याच ओळखीचा ड्रायव्हर. तो टायर तपासत फिरत होता.

नानांनी हात वर केला. गॅरेज थांबलं.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मी ब्रश धुवायच्या निमित्तानं मागे गेलो, पण पत्र्याच्या खोलीतही ऐकू येत होतं. ठण्ण. ठण्ण. थप.

पुन्हा थप.

नाना बाहेर आले. "शेठ, टाकी उतरवा."

बापूशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाजही चढला नाही. "नाना, तुमच्याच गावाला जायचाय हा."

"ठाव हाय."

"साहेब दोन तासांत येतोय. टाकी उतरवून दुसरी गाडी बघायची म्हणजे आठ-दहा दिवस. गावाला काय सांगाल?"

रज्जाक टायरपाशी उभा राहून ऐकत होता.

"आणि जुन्या गाडीत थोडं इकडंतिकडं असतंच," शेठ म्हणाले. "साहेब पास करेल तर चालेल. नाही केली तर उतरवू. झालं?"

साहेब आला. तरुण, डिप्लोमा झालेला, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. दिवसभरात त्याची ही चौथी गाडी. बोलायला चांगला होता. फाईल उघडून त्यानं ठोकलेला नंबर जुळवला. "चेसीस नंबर बरोबर. टाकी बरोबर. ब्रेक बघितले का?" असं करत करत तो सहीपर्यंत आला.

नाना पुढे झाले. "सायब, शॅसी तडाकलीय."

साहेबानं वर बघितलं, नानांच्या मळक्या पंचाकडे, कापसाच्या बोळ्यांकडे. आणि हसून, अगदी आपुलकीनं म्हणाला, "बाबा, त्याला चेसीस म्हणतात."

बाबू फिटरनं माझ्या दंडाला चिमटा काढला. आता होणार, असा. हायस्कुलाच्या मास्तरांचं जे झालं ते सगळ्यांना आठवत होतं. शेठनाही आठवत असणार, कारण ते एक पाऊल मागे सरकले आणि हात बांधून उभे राहिले. भांडण झालं की साहेब चिडणार, चिडला की घाईनं सही करून निघून जाणार. इतकं सरळ होतं ते.

नानांनी एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्या.

"चेसीस," ते म्हणाले. "बरोबर हाय सायब. चेसीस तडाकलीय. मागल्या पाट्यापाशी. वीस मिनिटं द्या, दावतो."

बाबूचा हात माझ्या दंडावरून गळला. मी तीन वर्षं त्या माणसाच्या जवळ होतो. मालकापुढे, गिऱ्हाइकापुढे, थट्टेपुढे त्यांनी तो शब्द मोडलेला मी ऐकला नव्हता. आता दोनदा मोडला, आणि आवाजात राग नव्हता, उपहास नव्हता. समोरच्याच्या हातात एखादं अवजार द्यावं तसा दिला.

साहेबानं घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं," तो म्हणाला आणि फाईल बॉनेटवर ठेवली.

"पेंटर," नाना म्हणाले, "खडू आन."

खडू आणायचा म्हणजे आधी पट्टी खरवडायची. खरवडली की माझा काळा जाणार, त्याखालची लांबी दिसणार, आणि गॅरेजात लांबी भरणारा माणूस एकच होता. शेठ माझ्याकडे बघत होते. मी खोलीत जाऊन खडूचा डबा उघडला. मला आठवतं, मी त्या वेळी मुलीचा विचार केला, रज्जाकचा नाही. रज्जाकचा विचार नंतर आला. मी खडू घेतला आणि पत्र्याची खरवडणीही घेतली. गाडीखाली गेलो. जागा मला सापडत नव्हती म्हणून नानांनी हातोडीच्या टोकानं दाखवली, आणि मीच खरवडली. लांबीची पापुद्र्यासारखी लांब चिंधी निघून माझ्या छातीवर पडली.

रॉकेल लावलं. पुसलं. खडू लावला. नानांनी हलके दोन ठोके मारले आणि आम्ही दोघं बाहेर आलो. साहेब ओणवा होऊन बघत राहिला. सात-आठ मिनिटांनी पांढऱ्या खडूवर ब्रॅकेटपासून वर एक काळी रेघ सरकायला लागली. मुंगी चालावी तशी. थांबली तेव्हा एक वीत झाली होती.

"लांबी कोणी भरली?" साहेबानं विचारलं.

मी तोंड उघडलं असतं की नाही, देव जाणे. नाना मध्येच म्हणाले, "लांबी कुनी बी भरतंय सायब. तुमी रेघ बघा."

साहेबानं रेघ बघितली आणि सही केली नाही.

ठेकेदारानं राहिलेला तिसरा ट्रक दुसरीकडे नेला. शेठनी नानांना हाकललं नाही. ते फक्त म्हणाले, "नाना, तुम्ही आजारातून उठलात. आता गावी आराम करा. लागलं तर कळवीन." मला ठेवलं. सांगेल तिथं लांबी भरणारा हात त्यांना हवा होता, ते मला कळत होतं, आणि तेच जास्त टोचत होतं.

नाना आपली हातोडी फडक्यात गुंडाळत असताना मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"नाना, शेठनं सांगितलं होतं भरायला."

"त्यानं सांगितलं. पन बोट तुजं फिरलं हुतं." गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "पुढल्या वक्ताला भेग लागली की मला सांगायची. मी न्हाई तर जो कुनी आसंल त्याला. रंगाचं मागनं." आणि मग, जणू ते प्रकरण संपलं, "आता दुसऱ्या गाडीवर अक्षरं मोठी काड. लांबून दिसली पायजेत."

गावाला बातमी सांगायला ते स्वतःच गेले. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

शेठना दुसरी गाडी मिळून, तिच्यावर तीच टाकी चढून, पास व्हायला दहा दिवस लागले. मी अक्षरं मोठी काढली. पिण्याचे पाणी. मागची बाजू तेवढी मुद्दाम राहू दिली आणि शेठना म्हणालो, रज्जाकबरोबर जातो, तिथं पाणी उतरेपर्यंत पूर्ण करतो. शेठनी मान डोलावली.

गाव येण्याआधी रस्त्याच्या कडेनं हंडे दिसू लागले. माणसं नव्हती, नुसते हंडे, कळश्या, डबे, रांगेत मांडलेले. टँकर थांबताच कुठून कुठून बायका धावल्या. नाना रांगेपासून लांब, शाळेच्या भिंतीला टेकून उभे होते. दहा दिवसांत वाळले होते. येणारी-जाणारी माणसं त्यांच्या अंगावरून जात होती, पण कुणी थांबत नव्हतं.

रांगेत पहिल्या नंबरला त्यांची भावजय होती. मला ती ठाऊक नव्हती, तिच्या बोलण्यावरूनच कळली. रज्जाक नळी जोडत होता, त्याला म्हणाली, "लवकर आनलात जनू. आमच्याच घरच्या मानसानं आडीवलं पानी. दहा दिस झालं, मी त्येच्याशी बोलत न्हाई. बोलनार बी न्हाई."

रज्जाक तिच्याकडे न बघता नळी आवळत राहिला. "मावशी, त्या गाडीवर मीच जाणार होतो," तो म्हणाला. "मिरजगावच्या अलीकडचा उतार माहीत आहे ना तुम्हाला. माझी तीन पोरं आहेत."

तिनं हंडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेतला.

नाना टँकरजवळ आले. रज्जाकनं हसून विचारलं, "नाना, त्या दिवशी साहेबापुढं चेसीस का म्हणालात?"

"त्याला समजाय पायजे हुतं," नाना म्हणाले. "मला म्हाईत हाय काय हाय ते."

एवढंच. मग ते गुडघ्यावर बसले आणि भरल्या टँकरखाली सरकले. रिकामी असताना गाडी एक बोलते, भरलेली असताना दुसरं, असं ते म्हणायचे. त्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येणार होतं कोण जाणे, पण गेले. त्या दिवसानंतर माझी आणि त्यांची भेट झाली नाही. त्याच वर्षाअखेरीस मी गावी परतलो, आणि एकदा पत्र टाकलं ते त्यांना वाचून दाखवायला कुणी होतं की नाही हेही मला कळलं नाही. मला शेवटचे दिसले ते तसे, गाडीखाली उताणे, पाय तेवढे बाहेर.

मी मागच्या बाजूचं शेवटचं अक्षर काढत होतो. नळीच्या जोडातून पाणी गळत होतं आणि थेट नानांच्या कपाळावर पडत होतं. त्यांना ते कळत नव्हतं, नाहीतर कळूनही हलत नव्हते. भावजयीनं ते पाहिलं. हंडा रांगेत ठेवून ती घरून आणलेलं लहान पातेलं घेऊन खाली वाकली आणि त्यांच्या डोक्यापाशी सरकवलं.

"भावजी," ती म्हणाली, "डोकं जरा कडंला घ्या."

नानांनी डोकं बाजूला घेतलं.